व्हर्नाचं स्टूल

व्हर्ना कुबिकला ब्रानोव्ह गावात कुणी गोड म्हातारी म्हणत नसे, आणि म्हटलंच असतं तर तिने त्याला पायरीवरूनच परत पाठवलं असतं. वय बहात्तर, उंची जेमतेम पाच फूट, अंगात बारा महिने नवऱ्याचा जुना तपकिरी कोट. आवाज मात्र असा की नेब्रास्काच्या वाऱ्यानेही जरा बाजूला सरकावं. त्या आवाजाला दर रविवारी एकच काम असे. 'हुकली!' म्हणून ओरडायचं.

गावाबाहेर दोन मैलांवर, मक्याच्या शेताला लागून नेमबाजीचा क्लब आहे. समोर जमिनीत अर्धं गाडलेलं एक खोपट. नेमबाज 'पुल!' असं ओरडला की त्या खोपटातून मातीची नारिंगी तबकडी सुटते आणि ती हवेत असतानाच फोडायची असते. प्रत्येकाला पंचवीस. रांगेच्या मागे उंच स्टुलावर व्हर्ना बसायची. हातात तबकडी सोडायचं बटण, मांडीवर कागद, कानामागे पेन्सिल. फुटली तर कागदावर फुली, चुकली तर शून्य आणि मोठ्याने 'हुकली!' फुटली तर ती अवाक्षर बोलत नसे. क्लबाची रीतच तशी होती. तबकडी फोडायला आला होतात आणि फोडलीत, आता त्याची दवंडी कशाला पिटायची?

आणखी एक नियम होता, आणि सगळी रामकहाणी त्याच्यावरच उभी आहे. तबकडीचा डोळ्यांना दिसेल असा एक तरी तुकडा उडाला पाहिजे. छर्रा नुसता चाटून गेला, काळसर धूळ उडाली आणि तबकडी तशीच पुढे गेली, तर ती हुकलेली.

या नियमापायी व्हर्नाने स्वतःच्या नवऱ्यालाही सोडलं नव्हतं. एमिल कुबिक गावातला सगळ्यात पक्का नेमबाज. सलग शंभर फोडणाऱ्याच्या टोपीवर क्लब पितळी बिल्ला लावतो. ऑक्टोबरातल्या एका रविवारी एमिल नव्याण्णव फोडून शंभराव्या तबकडीपाशी आला. बार उडाला, धूळ उडाली, लोकांनी टोप्या हवेत फेकल्या, आणि मागून आवाज आला, 'हुकली!' तेव्हा स्टूल नव्हतं, व्हर्ना उलट्या बादलीवर बसायची. या कामाला लागून तिला तीन वर्षंही झाली नव्हती.

एमिल अकरा दिवस तिच्याशी बोलला नाही. समोरासमोर बसून जेवायचा, पण मीठ हवं असेल तर उठून स्वतः घ्यायचा. बाराव्या दिवशी त्याने मोडक्या ट्रॅक्टरची लोखंडी बैठक तीन पायांवर जोडून अंगणात आणून ठेवली. 'बसायचंच आहे ना? मग नीट बस,' एवढंच म्हणाला. त्यानंतर तो शंभरापर्यंत कधीच पोचला नाही. एकदा अठ्ठ्याण्णव झाल्या, बस्स. त्याला जाऊन आता नऊ वर्षं झाली होती, आणि बिल्ला नसलेली त्याची टोपी व्हर्नाच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली होती. तिच्याकडे बघून व्हर्नाला रोज वाईट वाटायचं. पण आपण चुकलो असं तिला एक दिवसही वाटलं नाही.

तर हे स्टूल आता जायचं होतं.

क्लबाचा अध्यक्ष लायल ब्रांड्ट. धान्याच्या कोठारावरचा मॅनेजर, पन्नाशीला आलेला, हसरा, दिसेल त्याच्या पाठीवर हात ठेवणारा. त्याला बंदूक धरायला व्हर्नानेच शिकवलं होतं. त्याने एक यंत्र शोधून काढलं. नेमबाजाचा आवाज ऐकून ते आपोआप तबकडी सोडतं, आणि गुण ज्याने त्याने आपापल्या फोनवर टाकायचे.

'ज्याने त्याने?' व्हर्नाने विचारलं होतं.

'माणसांवर विश्वास ठेवायला शिक, व्हर्ना.'

'विश्वास आहे की! म्हणून तर सगळे माझ्याकडे पाठ करून उभे राहतात.'

'नवीन पोरं येत नाहीत आपल्याकडे. एकदा येतात, वीस वेळा हुकली-हुकली ऐकतात, आणि पळतात. आठवडाभर राबलेल्या माणसाला रविवारी दोन तास तरी बरं वाटू दे ना.'

'बरं वाटायला चर्च आहे, बार आहे. इथे नेम धरायला यायचं असतं.'

लायल हसला. त्याच्या हसण्याची व्हर्नाला चीड यायची, कारण त्यात खोट नव्हती. तो खरोखरच भला माणूस होता, आणि भल्या माणसाशी भांडताना आपणच वाईट ठरतो. थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या रविवारी क्लबाची टर्कीची स्पर्धा असते. जिंकणाऱ्याला सणाच्या जेवणासाठी गोठवलेला टर्की पक्षी. त्याच दुपारी यंत्रावर मतदान घ्यायचं ठरलं.

या सगळ्यात मल्लिनाथ हत्तुरे आले ते पायी चालत.

गावच्या दवाखान्यातली डॉक्टर गिरिजा दोन वर्षांपूर्वी आली होती. व्हर्नाचा गुडघा तिच्याच ताब्यात होता. त्या गिरिजाचे हे वडील, सोलापूरकडचे, भूगोलाचे निवृत्त शिक्षक, लेकीकडे सहा महिने राहायला आलेले. ऑक्टोबरात एका सकाळी व्हर्नाला ते हायवेच्या कडेने चालताना दिसले. डोक्याला माकडटोपी, हात मागे बांधलेले. तिने पिकअप थांबवून काच खाली केली.

'गाडी बंद पडली का?'

'नाही. मला गाडीच नाही.'

'मग निघालात कुठे?'

'कुठेच नाही. फिरायला निघालोय.' त्यांनी खिशातून छोटी वही काढली आणि रस्त्यातच उभं राहून काहीतरी टिपलं. 'आजच्या तुम्ही चौथ्या. काल सात जण थांबले होते. एक जण तर पेट्रोलचा डबा घेऊन आला.'

'वहीत माझं नाव लिहिलंत?'

'नाव ठाऊक नाही. "तपकिरी कोटातल्या बाई, आवाज मोठा" असं लिहिलंय.'

व्हर्नाने दार उघडलं. 'बसा आत, आणि त्या वहीत आणखी काय काय लिहिलंय ते वाचा. आमच्या गावाबद्दल आहे ना, मग मला ऐकायचा हक्क आहे.'

मल्लिनाथ बसले. अर्ध्या वाटेवर त्यांनी घसा खाकरून वर्गात वाचतात तसं वाचायला सुरुवात केली. '"इथे घरांना कुंपण नाही, पण शेजारच्या घरात आज काय शिजलं हे कुणालाच ठाऊक नसतं."'

'मला असतं,' व्हर्ना म्हणाली. 'पुढे.'

'"बाहेर बर्फ पडत असला तरी प्यायच्या पाण्यात बर्फ घालून देतात. बँकेत गाडीतून न उतरता काम होतं, आणि गाडीत कुत्रा असेल तर बँक त्याला बिस्कीट देते. राजम्याच्या तिखट आमटीबरोबर गोड दालचिनी रोल खातात आणि त्यात कुणाला नवल वाटत नाही."'

'नवल कसलं? तसंच खायचं असतं ते.'

'"भेटेल तो 'कसे आहात' विचारतो, पण उत्तराला थांबत नाही. पहिल्या आठवड्यात मी तिघांना माझ्या बद्धकोष्ठाबद्दल सविस्तर सांगितलं. तिघंही घाबरून गेले."'

व्हर्ना इतकी हसली की पिकअपचं एक चाक रस्त्याखाली उतरलं.

'शेवटचं,' मल्लिनाथ म्हणाले. '"इथे शाबासकी नळाच्या पाण्यासारखी चोवीस तास वाहते. मूल जेवलं, शाब्बास. कुत्रा बसला, शाब्बास. मी काल लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडलं, तर दुकानातला मुलगा शाब्बास म्हणाला. आमच्याकडे नळाला पाणी पाच दिवसांतून एकदा येतं, आणि शाबासकी त्याहून उशिरा."'

व्हर्नाने पिकअप पुन्हा रस्त्यावर घेतली. या माणसाबद्दल तिच्या मनात एकदम आपुलकी दाटून आली. 'मास्तर, खरं सांगा. पोरं नापास होत असताना कुणाला कधी एखादा गुण फुकट दिलात?'

'तेहतीस वर्षांत एकदाही नाही. त्यापायी हेडमास्तरांशी वाकडं आलं. सायकलची हवा तर किती वेळा सोडली कुणीतरी!'

'मग तुम्ही माझ्या क्लबात आलंच पाहिजे,' व्हर्ना म्हणाली.

पण व्हर्नाचं आमंत्रणही नियमाने यायचं. परदेशी पाहुण्याला बंदूक हातात घ्यायची तर आधी शिकारीचा परवाना हवा, असं तिने फोन करून करून शोधून काढलं. मग ती स्वतः त्यांना शेतीच्या सामानाच्या दुकानात घेऊन गेली आणि परवाना काढायला लावला. ज्यांनी जन्मात अंडंही तोंडात घातलं नव्हतं, त्यांच्या खिशात आता ससे आणि रानकोंबडे मारायचा सरकारी कागद आला. गिरिजा पोट धरून हसली. 'बाबा, गावी कळलं तर मठाच्या पायरीवर उभं करणार नाहीत तुम्हाला.' मल्लिनाथांनी परवाना वहीत जपून ठेवला. त्यांना मनापासून शिकायचं होतं. वयाच्या सत्तराव्या वर्षी काहीतरी अगदी नवं हाताला यावं, एवढीच त्यांची हौस होती.

स्पर्धेच्या रविवारी सकाळी क्लबाच्या स्वयंपाकघरात मार्लिस आमटी ढवळत होती. मार्लिस ही व्हर्नाची शाळेपासूनची मैत्रीण. तिने डाव खाली ठेवून दार लोटून घेतलं.

'मी सगळ्यांना विचारून आलेय,' ती हळूच म्हणाली. 'दहा जण तुझे, दहा लायलचे. उरला एक, तो आज जसं वारं फिरेल तसा फिरेल. व्हर्ना, एवढा एक दिवस गोड बोल. हात जोडते.'

'मी फक्त एकच शब्द बोलते.'

'तोच जरा हळू बोल!'

'हळू बोलायचं तर मग घरीच बसते की,' व्हर्ना म्हणाली. पण मार्लिसचे हिशेब कधी चुकत नाहीत हे तिला माहीत होतं. ती स्टुलावर चढली. हे गेलं तर रविवारी जायचं कुठे? घरात ती टोपी, आणि खिडकीबाहेर मोकळं शेत. तिला भीती वाटत होती, आणि भीती वाटते याचाच राग येत होता.

दुपारी पाहुण्यांची फेरी सुरू झाली. त्यात एकटे मल्लिनाथच होते. माकडटोपीवर कान झाकायचे डबे, डोळ्यांना पिवळा चष्मा, हातात एमिलची जुनी बंदूक. मागे सगळा क्लब गोळा झाला. गावाला हा पाहुणा आवडला होता, आणि आमच्या गावाला माणूस आवडला की ते त्याला काहीतरी दिल्याशिवाय सोडत नाही. कोलाच नावाचे गोड पाव, लोकरीचे मोजे, भोपळ्याचं सारण भरलेली पेस्ट्री, जे हाताशी असेल ते.

'पुल!' मल्लिनाथ म्हणाले.

'हुकली!'

'जवळून गेली हं!' मागून लायल ओरडला.

'पुल!'

'हुकली!'

'वा! उभे तर फार छान राहता!'

असं चोवीस वेळा झालं. चोवीस वेळा व्हर्ना पूर्ण आवाजात ओरडली, चोवीस वेळा लोकांनी कसलं ना कसलं कौतुक शोधून काढलं. शेवटी शेवटी त्यांच्याजवळचं कौतुकही संपत आलं. 'बूट छान आहेत!' असं कुणीतरी म्हटलं. मल्लिनाथांचे कान टोपीतही लाल झालेले व्हर्नाला दिसत होते. शेवटचं काडतूस त्यांनी खूप सावकाश घातलं.

'पुल!'

तबकडी उजवीकडे निघाली. बार उडाला. तबकडीच्या कडेशी काळसर धूळ फुटली, वाऱ्यावर पसरली, आणि त्यातून अख्खीच्या अख्खी नारिंगी तबकडी बाहेर पडून पुढे गेली आणि गवतात जाऊन उतरली.

क्लबात जल्लोष उसळला. 'फुटली! फुटली!' लायल उड्या मारत होता. मार्लिस डावासकट बाहेर धावली. मल्लिनाथांनी शिकवल्याप्रमाणे बंदूक बिजागरीपाशी उघडून रॅकवर ठेवली, आणि मग दोन्ही हात वर केले. त्यांच्या तोंडावर शाळेतल्या पोराचं हसू होतं.

व्हर्नाची पेन्सिल कागदावर टेकलेली होती. नुसती एक फुली. कोण विचारायला येणार होतं? सगळे तेच म्हणत होते. गप्प राहिलं की झालं, तिला तर तोंडही उघडायचं नव्हतं. गप्प राहिली असती तर फुटली, स्टूल तिचं, रविवार तिचे.

पण मग एमिलचं काय? तेव्हाही अशीच धूळ होती, अशीच माणसं ओरडत होती. आज या धुळीवर फुली मारायची, तर ते अकरा दिवस कशासाठी काढले? ती टोपी आयुष्यभर रिकामी कशासाठी राहिली? मेलेल्या माणसाकडून घेतलं आणि पाहुण्याला वाटून टाकलं, असं झालं असतं.

'हुकली!' व्हर्ना ओरडली. चोवीस वेळांपेक्षाही मोठ्याने ओरडली.

जल्लोष एकदम विझला. मल्लिनाथांचे हात वरच राहिले, मग हळूहळू खाली आले.

'व्हर्ना!' लायल स्टुलापाशी आला. त्याचं हसू पहिल्यांदाच मावळलं होतं. 'अगं, धूळ उडाली ना! सगळ्यांनी बघितली.'

'मीही बघितली. तुकडा दाखव.'

'पाहुणा आहे तो! सत्तर वर्षांचा माणूस! सात समुद्रांपलीकडून आलाय!'

'तबकडीला कुठे माहीत आहे तो कुठून आलाय ते? गवतात पडलीय तिथे. जा, घेऊन ये. तिचा टवका उडालेला दाखवलास तर हा कागद मी चावून खाईन.'

कुणीच तबकडी आणायला गेलं नाही. लायल खालच्या आवाजात म्हणाला, 'एक फुली मारल्याने तुझं काय जाणार होतं?'

'ते तुला कळत असतं तर यंत्र आणलं नसतंस,' व्हर्ना म्हणाली आणि पंचविसाव्या चौकोनात गोल, ठसठशीत शून्य काढलं.

मल्लिनाथ लेकीच्या गाडीत जाऊन बसले. गिरिजा मात्र तरातरा स्टुलापाशी आली. 'मिसेस कुबिक, महिनाभर माझे बाबा या दिवसाची वाट बघत होते. सत्तर वर्षांचे आहेत ते! एक दिली असती तर काय बिघडलं असतं?'

'पोरी, सत्तर वर्षांचे आहेत म्हणूनच नाही दिली,' व्हर्ना म्हणाली. 'सात वर्षांचे असते तर विचार केला असता. आणि त्यांना म्हणावं, खरी फोडायची असेल तर मंगळवारी सकाळी दहा वाजता या.'

'ते येणार नाहीत,' गिरिजा म्हणाली आणि गेली.

व्हर्नाला फार वाईट वाटलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण वाऱ्यामुळे आलंय असं भासवून तिने ते पुसलं नाही.

मतदान कॉफीच्या डब्यात चिठ्ठ्या टाकून झालं. यंत्राच्या बाजूने तेरा, विरुद्ध आठ. वारं चांगलंच फिरलं होतं. कुणी व्हर्नाकडे बघेना. सगळे आमटीच्या वाडग्यांत डोळे घालून बसले. मग लायल उठला, त्याने टेबलाखालून एक लाकडी पाटी काढली आणि गहिवरून वाचली. 'व्हर्ना कुबिक, एकेचाळीस वर्षांच्या अमूल्य सेवेबद्दल कृतज्ञ क्लबाकडून.' टाळ्या झाल्या. मार्लिस रडायला लागली.

व्हर्नाने पाटी हातात घेतली, कोरीव अक्षरांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, 'काम सुरेख आहे. कधी कोरून आणलीस, लायल?'

'अं? मागच्या... मागच्या मंगळवारी.'

'म्हणजे मतं मोजायच्या आधीच.' तिने पाटी त्याच्या हातात परत दिली. 'न फुटलेल्याला फुटली म्हणायची घाई तुला पहिल्यापासूनच. माझी सेवा अजून संपलेली नाही. संपली की सांगेन, तेव्हा तारीख घालून दे.'

ती बाहेर गेली. स्टूल चांगलं जड होतं, पण लायल उचलायला धावला तसा तिने त्याला हात लावू दिला नाही. मार्लिस आणि ती, दोघी म्हाताऱ्यांनी ते ओढत नेऊन पिकअपमध्ये चढवलं. पिकअप सुरू होताना मार्लिसने डोळे पुसत विचारलं, 'आता काय करशील गं?'

'आज घरी जाऊन आंघोळ. मंगळवारी दहा वाजता काम आहे.'

'तो येतोय होय! तोंड बघितलंस त्याचं?'

'नाही आला तर मी रिकाम्या रांगेला हुकली म्हणेन,' व्हर्ना म्हणाली आणि गाडी काढली.

मंगळवारी साडेनऊला ती क्लबावर होती. लायल तिथेच होता. सोमवारी यंत्र बसवायला माणसं येणार म्हणून मोजमाप घेत होता. व्हर्नाला पिकअपमधून स्टूल ओढून उतरवताना बघून त्याने कपाळाला हात लावला.

'व्हर्ना, मतदान झालंय.'

'यंत्र आणायचं का यावर झालं. मी कुठे बसायचं यावर कुणी चिठ्ठी टाकली नाही. मी वर्गणी भरलेली सदस्य आहे, आणि स्टूल माझ्या नवऱ्याने केलेलं आहे.'

'आणि सोमवारी यंत्र बसलं की?'

'बसू दे. त्याला जे म्हणायचं ते म्हणेल. मला जे दिसेल ते मी म्हणेन.' स्टूल नेहमीच्या जागी, गवतात पडलेल्या तीन खळग्यांत बरोबर बसलं. 'आता उभाच आहेस तर ते बटण घे हातात. माझा शिष्य येतोय.'

'तो येणार नाही गं,' लायल म्हणाला. आवाजात कीव होती आणि ती व्हर्नाला झोंबली.

दहा वाजले. सव्वादहा झाले. व्हर्ना स्टुलावर ताठ बसली होती. मनातून ती खचत चालली होती, पण पाठ तिने वाकू दिली नाही. आणि मग हायवेवर दूर एक गाडी थांबताना दिसली. थांबली, थोड्या वेळाने निघून गेली. मागे एक माकडटोपी उरली, हात मागे बांधून चाललेली.

'दोन मैलांत नऊ गाड्या,' जवळ आल्यावर मल्लिनाथ म्हणाले. धाप लागली होती. 'प्रत्येकाला सांगावं लागलं की गाडी बंद पडलेली नाही. म्हणून उशीर झाला.'

'मला वाटलं, रागावलात.'

'रागावलो होतो. अजूनही आहे.' त्यांनी चष्मा पुसला. 'दोन रात्री झोप लागली नाही. तेहतीस वर्षांत मी जितक्या पोरांना नापास केलं, ती सगळी आठवली. त्या पोरांनी तरी काय करायचं? पुढच्या परीक्षेला बसायचं. म्हणून बसायला आलोय. परवाना आणलाय, बघायचा?'

'बघायचाच,' व्हर्ना म्हणाली आणि खरंच तारीख तपासली.

मग तिने त्यांना शिकवलं. गाल बंदुकीच्या दस्त्याला टेकवायला लावला, एक डोळा मिटायची सवय मोडली. 'नळीकडे बघू नका, मास्तर. नळी काही पळून जात नाही. तबकडीकडे बघा. आणि ती आहे तिथे मारू नका, जाणार आहे तिथे मारा.' ती स्टुलावर चढली. लायल बटण घेऊन बाजूला उभा राहिला.

'पुल!'

'हुकली!'

'पुल!'

'हुकली! डोकं उचललंत!'

लायलच्या तोंडातून कौतुक निघायला बघत होतं, पण दर वेळी व्हर्ना त्याच्याकडे अशी बघे की ते ओठांतच राही. पंधरा शून्यं झाली. सोळावं झालं. मल्लिनाथांनी खांदा चोळला, काडतूस घातलं, आणि या वेळी बराच वेळ नुसतेच समोर बघत उभे राहिले.

'पुल!'

तबकडी डावीकडे निघाली. नळी तिच्यामागून गेली, तिला गाठून किंचित पुढे गेली, आणि बार उडाला. तबकडीची मधोमध दोन शकलं झाली. एक सरळ खाली पडलं, दुसरं गिरक्या घेत मक्याच्या धसकटांत गेलं.

मल्लिनाथ वाट बघत राहिले. नळी समोर ठेवून त्यांनी नुसती मान वळवली. मागे व्हर्ना बसली होती. लायलने तोंड उघडलं. व्हर्नाने पेन्सिल वर केली, आणि त्याने ते मिटलं. मग तिने खाली वाकून सतराव्या चौकोनात फुली मारली. धसकटांतून वारा वाहत होता. तिघांतलं कुणीही काही बोललं नाही.

मल्लिनाथांना कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांचा चेहरा एकदम बदलला. पण त्यांनी हात वर केले नाहीत. ते समोर वळले, जळकं काडतूस काढून नवं घातलं, गाल टेकवला, आणि हायवेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, 'पुल!'